झिंग्यांच्या शेजारची जागा

आमच्या गावचा आठवडी बाजार पहिल्यांदा भरला, त्या बुधवारी विकणारे तिघं होते आणि गिऱ्हाईक एक. गिऱ्हाईक म्हणजे उपसरपंचांचा बैल. त्यानं भाजीवाल्या बाईची पालकाची जुडी पसंत केली, भाव न विचारता जागेवरच खाल्ली आणि शेपटी हलवत तळ्याच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, निघून गेला. आम्ही तिघं बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसलो. एक ती भाजीवाली, दुसरा ऐन थंडीत बर्फाचा गोळा विकायला आलेला एक भला माणूस, आणि तिसरा मी. हा बाजार बसवून दाखवतो असं भर ग्रामसभेत सांगणारा माणूसही मीच होतो.

माझा धंदा टिकल्या, फण्या, आरसे, रिबिनी, पावडर आणि बाळांच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यांचा. सायकलच्या कॅरिअरवर लोखंडी पेटी बांधायची आणि रोज एक बाजार करायचा. मोहाडीकडचा एक, तुमसरच्या बाजूचे दोन, असं करत आठवडा संपायचा. आमच्यासारख्यांना वारांची नावं लागत नाहीत. वार हे शाळेचं आणि कचेरीचं काम. आम्ही सकाळी उठून एवढंच विचारतो, आज कोणता बाजार? मुलीला शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, हिचा जन्म कोणत्या वारचा? मी म्हणालो, मोहाडीच्या बाजाराच्या दिवसाचा. गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

त्याच्या तीन-चार वर्षं आधीच आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला होता. माझे दोन बाजार त्या जिल्ह्यात गेले. सायकल तीच, रस्ता तोच, खड्डेही ओळखीचे. पण मी घरी ऐटीत सांगायचो की मी आता परजिल्ह्यात धंदा करतो. बायको म्हणायची, "मंग येताना परदेशातून काही आणत जा ना जी."

असा मी. आता सरपंचबाईंचं सांगतो.

बुद्धविहारापलीकडच्या गल्लीतली सून, बारावी झालेली, तिशीच्या आतली. राखीव जागेवर निवडून आली, तेव्हा गावातल्या मोठ्या मंडळींनी तिला खुर्ची दिली आणि बोलायचं काम आपल्याकडे ठेवलं. सभेत उपसरपंच बोलायचे, ती सही करायची. दीड वर्ष असं चाललं. मग एका ग्रामसभेत, विषय संपले असं उपसरपंच म्हणत असतानाच ती म्हणाली, "एक विषय राहिला जी. आपल्या गावात बाजार पायजे."

तिचं म्हणणं साधं होतं. गावातल्या बाया तळ्याखालच्या वाडीत वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा, मेथी काढतात आणि डोक्यावर टोपली घेऊन नऊ किलोमीटर चालत शनिवारच्या बाजारात जातात. पोचेपर्यंत मेथी मान टाकते, आणि मेथीच्या आधी बाई. सासूबरोबर ती स्वतः कितीतरी वर्षं तशी गेली होती. पाळीखाली ग्रामपंचायतीची सपाट जागा आहे. बाजार तिथं भरवू.

त्या जागेवर दर साली उपसरपंचांची तनस रचली जायची. धान चुरून, म्हणजे मळून, झालं की उरलेल्या पेंढ्याचे ढीग, दोन माणूस उंचीचे. जागा पंचायतीची आहे हे ते ढीग बघून कोणाच्या लक्षातच यायचं नाही, त्यांच्याही नाही.

"बाजार का ठराव केल्यानं बसते का वो बाई?" उपसरपंच हसत म्हणाले. "बरं, मी काही नाई म्हणत नाई. चुरणीले अजून वेळ हाय. पाच बाजार देतो. पाचव्यापर्यंत बसला तं जागा बाजाराची. नाई बसला तं माही तनस. अन् मंग या सभेत बाजाराचं नाव काढाचं नाई."

लोक हसले. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तेवढ्यात माझ्यासारख्या माणसालाही समजलं की हा बाजार फसला, तर उरलेली साडेतीन वर्षं ही बाई फक्त सही करणार.

म्हणून मी उभा राहिलो. म्हणजे हे कारण मी नंतर शोधलं. तेव्हा मी उभा राहिलो तो मला सभेत उभं राहायला आवडतं म्हणून.

"बाजार बसवणं माह्याकडं लागलं!" मी म्हणालो. "बाजार म्हणजे माहं घर आहे. सारे दुकानदार माह्या शब्दावर येतीन."

टाळ्या पडल्या. टाळ्या मला कधीच सोसल्या नाहीत.

घरी येऊन मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, सात चौकोन आखले आणि आमच्या पट्ट्यातला कोणता बाजार कोणत्या दिवशी ते भरत गेलो. सहा चौकोन भरले. बुधवार रिकामा! आजवर हा दिवस कोणाच्या नजरेतच आला नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं, आणि थोडं स्वतःचं कौतुकही. आठवडाभर मी बाजारा-बाजारात सांगत फिरलो. सगळे म्हणाले, "पाहू." वीस वर्षं बाजारात काढूनही मी विसरलो की बाजारात 'पाहू'चा अर्थ काय असतो. मिरचीवाल्यानं तर "बुधवारी?" असं म्हणून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही याचा विचार करतोय.

आणि मग तो बैल.

संध्याकाळी सरपंचबाई आल्या. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "कोणीच नाई आलं भाऊ?"

"धानकापणी सुरू आहे ना," मी लगेच म्हणालो. "सारे धानाच्या बांधीत गेलेत. पुढच्या वेळी पहा तुमी." खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, ते निस्तरायला लागतो.

घरी बायकोनं भात वाढता वाढता माझा सगळा तक्ता दोन वाक्यांत फाडला. "बुधवारी थो नदीपलीकडचा मोठा बाजार राहते ना जी. सारे तिकडंच जातेत."

"कोणता मोठा बाजार?"

"तुमी रुसून बसले, थोच."

आता त्या रुसव्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, जरी त्यात माझी शोभा काहीच नाही.

नदीपलीकडचा तो बाजार आमच्या गावापासून लांब, आमच्याकडचं गिऱ्हाईक तिकडे जात नाही, पण दुकानदारांचा तो सगळ्यांत मोठा दिवस. तिथं चिंचेखाली माझी जागा होती आणि शेजारी एक मच्छीवाली मावशी बसायची. मासे धरणाऱ्या ढिवर घरातली, पन्नाशीची. टोपलीत रोहू-कतला आणि समोर सुक्या झिंग्यांचा, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीचा, ढीग. आवाज असा की तिनं इकडे भाव सांगितला की तिकडे कापडवाल्याचं गिऱ्हाईक दचकायचं. चार वर्षांपूर्वी एका नव्या नवरीनं माझ्याकडची पावडरची डबी उघडली, वास घेतला, नाक मुरडलं आणि डबी परत ठेवली. मी भर बाजारात उभा राहिलो. (पुन्हा तेच, उभं राहणं.)

"मावशी," मी म्हणालो, "तुमच्या झिंग्यानं माह्या पावडरीची इज्जत गेली. तुमी दूर बसत जा. तिकडं, खाली वस्तीकडं."

मावशीनं विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "पावडर लावूनबी तोंड तेच राहते बाबू. झिंगे खाऊन पाय, अंगाले तरी लागतीन."

बाजार हसला. मी पेटी बांधली आणि या बाजारात पुन्हा पाय ठेवणार नाही असं सायकलच्या घंटीवर हात ठेवून सांगून निघालो. मी वासाबद्दल बोललो होतो, असं स्वतःला चार वर्षं सांगत राहिलो. पण 'दूर बसा' हे शब्द आमच्याकडे कोणाकोणाला किती पिढ्या ऐकावे लागलेत, ते मला ठाऊक नव्हतं असं नाही.

तर तो बाजार माझ्यापुरता बंद झाला. इतका बंद की तक्ता भरताना तो आठवलाही नाही. बुधवारी मी घरी झोपायचो, म्हणून बुधवारी जग झोपतं अशी माझी समजूत झाली होती.

हे कळूनही मी आठवडाभर गप्प बसलो. कदाचित एखादा दुकानदार चुकून येईल, अशी आशा होती. दुसऱ्या बुधवारी गोळेवालासुद्धा आला नाही. बैल मात्र वेळेवर आला.

त्या संध्याकाळी सरपंचबाईंनी सरळ विचारलं, "भाऊ, बुधवारी नदीपलीकडं बाजार राहते म्हणतेत. तुमाले मालूम होतं?"

"होतं बी अन् नव्हतं बी."

"म्हणजे कसं?"

मग मी सांगितलं. सगळं, त्या दोन शब्दांसकट. त्या आधी हसल्या. पावडरीच्या इज्जतीपाशी तर चांगल्याच हसल्या. 'दूर' आणि 'खाली' आल्यावर हसणं थांबलं. खाली वाकून त्यांनी पालकाचं एक चुरगळलेलं पान उचललं, टाकलं.

"तुमचं भांडण चार वर्सं चाललं," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ तीन बाजार राहिले. तेवढ्यात संपते का पहा ना भाऊ."

रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. असं कोणी विनवून सांगितलं की मला जावंच लागतं.

"मी येऊ का संगं?" त्यांनी विचारलं.

"नको. बोलणी खायचीच आहेत तर सरपंचासमोर नको."

शनिवारच्या बाजारात मावशी येते. तिथंही आम्ही चार वर्षं दोन टोकांना बसत होतो. मी ठरवलं, आजच बोलून टाकू. तिच्या टोपलीभोवती दोन चकरा मारल्या आणि कोथिंबीर घेऊन परत आलो. घरी कोथिंबीर होती.

तिसरा बुधवार उजाडला. म्हणजे आमच्या गावचा तिसरा बाजार, आणि मी पेटी बांधून पहाटेच नदीपलीकडे निघालो. जाताना पाळीखालच्या जागेवरून गेलो. तिथं अजून कोणी नव्हतं, आणि मीही नसणार होतो. बाजार बसवणारा माणूसच दुसऱ्या बाजाराला निघालेला. सायकल त्या दिवशी फार जड चालली.

चिंचेखाली पोचलो तर मावशी विळ्यावर मासा कापत होती. बाजूला, माझ्या जुन्या जागेवर, तिच्या तीन रिकाम्या टोपल्या पालथ्या ठेवलेल्या.

"काय पायजे?" तिनं वर न बघता विचारलं.

"मी आहो मावशी."

"मी कोण? बाजारात सारेच मी असतेत."

"पावडरवाला."

विळा थांबला. "अवो बाई, इज्जतवाला!" ती एवढ्यानं म्हणाली की चार दुकानं वळून बघायला लागली. "आठ दिवसात राग उतरंल म्हटलं होतं, तू तं चार वर्सं लावली. काहून आला? पावडर संपली का इज्जत?"

"काम होतं जरा."

"काम बाजार उठल्यावर सांग. आधी पेटी उघड. बस."

"इथंच?"

"मंग कुठं? खाली वस्तीकडं?"

मी पेटी उतरवली. तिनं पायानंच टोपल्या बाजूला सारल्या. समोरून मिरचीवाला ओरडला, "अगा, चार वर्सं थ्या जागेवर कोणाले बसू नाई देलं मावशीनं! एक चपलावाला बसला होता, तं त्याच्या चपलाईत झिंगे टाकले!"

आमच्या बाजारांत एक रीत आहे. एखादा दुकानदार आजारी पडला, लग्नाकार्याला गेला, तर त्याच्या जागेवर शेजारी आपली टोपली, दगड, काहीतरी ठेवतो. म्हणजे आलेला नवा माणूस समजतो, ही जागा कोणाची तरी आहे. एक-दोन आठवडे ठेवतात. फार तर एक पावसाळा. भांडून गेलेल्या माणसाची जागा चार वर्षं राखलेली मी ऐकलेली नाही. माफी मागायला मी तोंड उघडलं तर मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक हाय, बोलू नको," आणि खरंच समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, माझ्याच फण्या बघत.

दिवसभर मी झिंग्यांच्या शेजारी बसलो. विक्री उत्तम झाली. वासाबद्दल कोणी काही बोललं नाही. फक्त मलाच तो येत होता, आणि तोही दुपारनंतर येईनासा झाला.

उन्हं कलली तसा बाजार उठू लागला. मावशीनं चहा मागवला आणि हाका मारून माणसं बोलावली: मिरचीवाला, कापडवाला, कांदे-बटाटेवाली आणि विळे-कुऱ्हाडी विकणारा लोहारदादा. पोत्यांवर सगळे बसले. मी सभा, तनस, पाच बाजार, तक्ता, सगळं सांगितलं. बैलाशी सगळे पोट धरून हसले. मावशी हसली नाही.

"सरपंच कोण म्हणाला तू?"

"विहारापलीकडच्या गल्लीतली सून. आधी शनिवारच्या बाजारात सासूसंगं मेथी घेऊन यायची."

"थे उंच पोरगी?" मावशीनं कप खाली ठेवला. "बाजारचिठ्ठीवाल्याले जिनं अडवलं होतं, थे?"

कांदे-बटाटेवाली म्हणाली, "थेच असंल. वसुलीवाला बायाईच्या टोपल्या पायानं सरकवत होता. हे मेथी सोडून उठली. म्हणे, आधी पाय मागं घे, मंग चिठ्ठी दाखव, मंग बोल. थ्या दिवसापासून आमच्या टोपलीले कोणी पाय नाई लावला."

मी त्या बाजारातच होतो तेव्हा. दुसऱ्या टोकाला. माझ्या गावची बाई पुढारी झाली हे माझ्या गावाला कळायच्या आधी बाजाराला कळलं होतं, आणि मी रुसव्यात असल्यामुळे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"थे सरपंच झाली, अन् तू मले आज सांगतं?" मावशी माझ्यावर उखडली. "आता बोला रे, कोणता दिवस?"

"दिवस तं एकबी खाली नाई," मिरचीवाला म्हणाला.

"शुक्रवारी तुमी कुठं राहता?" मावशीनं विचारलं.

शुक्रवारी ते सगळे आमच्या गावापासून चार किलोमीटरवरच्या एका लहान गावात असतात. तिथला बाजार सकाळी लवकर भरतो आणि दुपारी उठतो.

"अन् दुपारून काय करता?"

कापडवाला जरा लाजला. "आंब्याखाली झोपतो."

"नोका झोपू. चार किलोमीटर चाला. सकाळून तिथं, दुपारून याच्या गावी."

झालं. चहा निवायच्या आत सुटला प्रश्न. मला कॅलेंडरचं पान आणि तीन आठवडे लागले होते.

"पण एक," मावशी माझ्याकडे वळली. "तुमच्या तळ्यावर ढिवर हायेत ना? आधी त्याहीच्या बायाईले बसव. गावची मच्छी गावच्या बाजारात नाई बसली, तं मी येऊन काय करू? त्या बसल्या का मंग मी झिंगे घेऊन येतो."

मी परत आलो तेव्हा पाळीखाली सरपंचबाई चार बायांसोबत बसलेल्या होत्या. समोर मेथीच्या जुड्या, विकलेल्या थोड्या, मान टाकलेल्या पुष्कळ. माझी रिकामी जागा त्यांनी दिवसभर बघितली असणार. उपसरपंच हात मागे बांधून जागेच्या कडेनं पावलं टाकत होते, तनस कुठून कुठवर येईल त्याचा अंदाज घेत.

मी सायकलवरूनच ओरडलो, "शुक्रवार! दुपारून! मच्छीसकट!"

उपसरपंच थांबले. "दिवस बदलला? हे कसं चालंल? बुधवारचं ठरलं होतं."

सरपंचबाई उठल्या, पदराची माती झटकली. "पाच बाजार ठरले होते भाऊ. वार ठरला नव्हता. ठरावाची वही आणू का?"

आवाज चढवला नव्हता. पण सभेत दीड वर्षं जे बोलत होते ते गप्प बसले, आणि जी गप्प होती तिचं ऐकायला चार बाया मागं उभ्या राहिल्या होत्या.

पुढचे आठ-नऊ दिवस मी ज्या ज्या बाजारात गेलो, तिथं एक नवी ओळ ऐकू येत होती. मिरचीवाला मिरचीचा भाव ओरडायचा आणि त्याला जोडून, "अन् शुक्रवारी दुपारून तळ्याखाली!" कापडवाला लुगड्याची घडी उलगडताना तेच. लोहारदादा फारसं बोलत नसे, तो आमच्या गावच्या गिऱ्हाइकाला विळा हातात देताना फक्त म्हणायचा, "बोथट झाला तं शुक्रवारी आण, तुमच्याकडंच राहीन." पत्रक नाही, दवंडी नाही. माझ्याकडे काम एकच होतं, तळ्यावरच्या ढिवर वस्तीत जाऊन बायांना बसायला सांगायचं. तिथं मी पहिल्यांदाच कोणाच्या अंगणात खाली बसून बोललो. उभा राहिलो नाही.

चौथा बाजार. शुक्रवारी दुपारी पाळीवरून आधी सायकली दिसल्या, मग एक टेम्पो, त्यात मिरच्यांची पोती आणि पोत्यांवर मावशी, राणीसारखी. पालं ठोकली गेली, ताडपत्र्या अंथरल्या गेल्या. गावच्या ढिवर बायांनी तळ्याची रोहू मांडली, वाडीवाल्या बायांनी भाजी. आणि सगळं गाव आलं. आलं म्हणजे कडेला उभं राहिलं. हाताची घडी घालून, रस्त्यात उलटलेला ट्रक बघतात तसं. आधी कोण घेणार, हाच सगळ्यांपुढं प्रश्न. उपसरपंच बघत होते, आणि घेतलं तर ते दिसणार होतं.

मावशीनं सगळीकडे नजर फिरवली. "काय रे, बोहनी आपणच कराची का?" असं म्हणत ती उठली. आणि दुकानदार एकमेकांकडे घ्यायला निघाले. मिरचीवाल्यानं लोहारदादाकडून विळा घेतला, लोहारदादानं कापडवाल्याकडून पंचा. कापडवाल्यानं आमच्या बायांकडची टमाटर घेतली, दोन्ही हातात धरून सगळ्यांना दिसतील अशी. कांदे-बटाटेवाली सरपंचबाईंच्या सासूकडे मेथी निवडत बसली. मावशी मात्र थेट माझ्याकडे आली. पावडरची डबी उचलली, झाकण उघडलं, नाकाला लावली. सगळा बाजार बघत होता. ती गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक होती, त्याची सोय मीच केली होती.

तिनं डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"नाई बाप्पा," ती आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "झिंग्याचा वास नाई. इज्जत शाबूत हाय!"

आधी दुकानदार हसले, मग कडेचं गाव. हसताना हातांच्या घड्या सुटल्या. एक म्हातारी आत आली, मग तिच्या मागं तिच्या सुना, आणि मग मला वर बघायलाही उसंत मिळाली नाही. त्या दिवशी पालकाची एकही जुडी बैलापर्यंत पोचली नाही.

पाचव्या शुक्रवारी शेजारच्या दोन गावांतली माणसं आली. दुपार टळून गेली तरी सरपंचबाई बसल्या नव्हत्या. त्या उगाच भाजीच्या रांगेतून फिरत होत्या आणि वरचेवर पाळीकडे बघत होत्या. बाजार बसला हे सगळ्यांना दिसत होतं. पण ते कोणी म्हणायचं हे ठरलेलं होतं. शेवटी उपसरपंच आले. हातात कापडी पिशवी. ढिवर बायांच्या रांगेत थांबले. एक मोठी रोहू निवडली, कापून घेतली, पिशवीत टाकली. सरपंचबाई जवळ आल्या.

"तनस कुठं ठेवता मंग भाऊ?"

"घरामागं हाय ना जागा," ते म्हणाले. मग पिशवी सावरत, "बैल बांधून ठेवतो आता शुक्रवारी."

एवढंच. पण जाताना ते सरपंचबाईंना "येतो बाई" म्हणून गेले. आजवर तसं कधी म्हणाले नव्हते.

सूर्य झाडांआड जायच्या आत सरपंचबाईंनी चुन्याची बादली आणवली आणि कायमच्या जागा आखायला घेतल्या. दुकानदार बरोबर चालत होते, कोणी म्हणे ऊन येईल, कोणी म्हणे पाणी साचेल, आणि त्या ऐकून रेघ सरकवत होत्या. मी आपला ऐटीत तोंडाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. रस्त्याला लागून, येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसणारी जागा. बाजार बसवणाऱ्याचा तेवढा मान असतोच.

"तिथं काहून उभे भाऊ?" सरपंचबाईंनी विचारलं. "तुमची जागा तं ठरली."

मी वळून बघितलं. मच्छीच्या रांगेच्या टोकाला, झिंग्यांच्या ढिगाशेजारी, मावशीची टोपली पालथी ठेवलेली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या बाजारात ओटे झाले, वर पत्रे आले. सरपंचबाई पुढं पंचायत समितीवर निवडून गेल्या. त्यांच्या प्रचाराची पहिली हाक शुक्रवारच्या बाजारात मिरचीवाल्यानं दिली, मिरचीच्या भावाला जोडून. बाया आता नऊ किलोमीटर चालत नाहीत. यातलं मी काय केलं असं कोणी विचारलं, तर मी चार वर्षं रुसलो आणि एक दिवस सायकल चालवली. बाकी सगळं ज्यांनी केलं त्यांचे आभार मानायला गेलो की ते म्हणतात, गिऱ्हाईक हाय, बोलू नको.

गेल्या पावसाळ्यात मावशीचे गुडघे धरले. दोन महिने ती आली नाही. तिच्या ओट्यावर मी माझ्या पेटीचं झाकण पालथं ठेवत होतो. एका शुक्रवारी मोबाईलची कव्हरं विकणारा एक तरुण आला. चांगला होता, नम्र होता, म्हणाला, "काका, जागा खालीच आहे, बसू का?"

"बस," मी म्हणालो, "पण तुह्या कव्हरात झिंगे टाकीन."

तो घाबरून पुढं गेला. त्याला पलीकडे जागा मीच मिळवून दिली, ते वेगळं.

पोळा झाल्यावर मावशी काठी टेकत आली. झाकण उचलून माझ्याकडे फेकलं, टोपली मांडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काहून रे, करमलं का वासाबिगर?"

"गिऱ्हाईक आहे मावशी," मी म्हणालो, "बोलू नका."